बटाट्याचा पाय

लातूरला आमची राहती जागा आणि प्यायचं पाणी एकाच रविवारी जायची वेळ आली, आणि त्याला कारण बटाटा होता.

बटाट्याचा तसा काही दोष नव्हता. तो बिचारा आत होता, कणकेच्या भिंतीआड, बाहेर काय चाललंय याची त्याला कल्पना नव्हती. मला होती असं मी तेव्हा समजत होतो.

उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघून नवा जिल्हा झाला, तेव्हा ज्या कारकुनांना तिकडून उचलून इकडं आणलं त्यांत एक मी, कुलकर्णी. जिल्हा झाला, पण कचेऱ्यांना जागा नव्हत्या. आमचं ऑफिस एका तेलाच्या गिरणीच्या जुन्या गोदामात भरायचं. फायलींना शेंगदाण्याच्या पेंडीचा वास लागला होता आणि दुपारनंतर सगळ्यांना सारखी भूक लागायची. कचेऱ्यांचे हे हाल, मग कारकुनांचे काय विचारता! मी कितीतरी दिवस टेबलं जोडून ऑफिसातच झोपलो. बायको, शैला, माहेरी निलंग्याला होती. तिला दिवस गेले होते आणि तिकडून निरोपावर निरोप येत होते की घर बघा, नाहीतर बाळंतपणानंतर लेकरालाही टेबलावरच झोपवावं लागेल.

शेवटी ओळखीतून ओळख काढून अप्पांच्या वाड्याशेजारच्या दोन खोल्या मिळाल्या. अप्पा म्हणजे अडत दुकानाचे मालक, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मोजकं. परक्याच्या घरचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. त्यांनी माझं नाव, गाव, खातं काही विचारलं नाही. एकच विचारलं.

"घरात हाड येणार न्हाई ना?"

मी म्हटलं, अप्पा, आमच्या सात पिढ्यांत कुणी अंड्याचं टरफल पाहिलेलं नाही.

"बघायला हरकत न्हाई," अप्पा म्हणाले. "आणायचं न्हाई."

त्या खोल्यांचं खरं मोल खोल्यांत नव्हतं, अंगणातल्या आडात होतं. त्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. नळ कधीतरी खोकायचा, खोकून गप्प बसायचा. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा तेव्हा भल्या घरच्या बायकांची तोंडं ऐकवत नसत. पण अप्पांच्या आडाला पाणी होतं. खोल, हिरवट, थोडंसं खारट, पण होतं. सकाळी अप्पा स्वतः कठड्याशी उभे राहायचे आणि प्रत्येक बिऱ्हाडाला ठरल्याप्रमाणे पोहरा सोडू द्यायचे. त्यांची बायको गौराक्का मात्र निलंग्याहून आलेल्या शैलाला पाहिलं की नवऱ्याची पाठ वळायची वाट बघायची आणि हळूच एक घागर जास्तीची भरून द्यायची. शैला सीमेवरच्या गावची, तिला कानडी येत होतं. दोघी बोलायला लागल्या की मला फक्त माझं नाव कळायचं. ते वरचेवर यायचं आणि त्यानंतर हसणं यायचं.

असं सगळं सुरळीत चालू असताना मला माझं बालपण आठवलं.

आमचं लहानपण नांदेडचं, रेल्वे क्वार्टर्सच्या अगदी मागं. तिथं सिकंदराबादकडून आलेलं एका गार्डाचं कुटुंब होतं. गार्डाची बायको फ्रॉक घालायची, तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी एकाच वाक्यात बोलायची, आणि तिची माझ्या आईशी गाढ मैत्री होती. त्या बाईनं आईला एक पदार्थ शिकवला. कणकेची जाडसर पारी वाटीत बसवायची, आत मसाल्याचं बटाट्याचं सारण भरायचं, वरून दुसऱ्या पारीनं झाकायचं, कडा दाबून बंद करायच्या आणि भाजायचं. बाई त्याला इंग्रजीत पाय म्हणायची. आईही पाय म्हणायला लागली. आईनं त्यात काळा मसाला आणि दाण्याचं कूट घालून त्याला आमच्या जातीत घेतलं होतं. लोखंडी कढईत वाळू तापवून, त्यावर वाट्या ठेवून, वर परात झाकून ती ते भाजायची. आम्ही चार भावंडं चुलीभोवती बसायचो. परात उचलली की जो वास यायचा, तो मला आजही ओळखता येईल. वरची पारी फोडली की आतून वाफ यायची आणि बोट भाजायचं, आणि ते भाजलेलं बोट तोंडात घालण्यातही सुख होतं. आईला तर त्याचं काहीच वाटायचं नाही. बोलता बोलता करून टाकायची.

हे मी शैलाला सांगितलं. एकदा सांगून थांबलो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. पण तिनं भांडी घासायला पाणी पुरत नाही म्हटलं, की मी म्हणायचो, पाय केले की भांडंच लागत नाही, हातावर घ्यायचा आणि खायचा. तिनं पोळ्या करून पाठ दुखते म्हटलं, की मी म्हणायचो, पाय सोपे असतात. तिला आंबट खावंसं वाटलं तरी मी पायांचंच सांगायचो. एके दिवशी तिनं लाटणं खाली ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "लई सोपं असतंय ना? मग तुम्हीच करा. माझे डोहाळे समजून करा."

मी रविवार ठरवला. शैलाला सांगितलं, तू आज स्वयंपाकघरात यायचं नाहीस, काय घातलं ते विचारायचं नाहीस, फक्त खायचंस. (हा माझा रुबाब पुढं मला फार महागात पडला.)

तो श्रावणातला रविवार होता. श्रावण कोरडा चालला होता. पाऊस पडावा म्हणून गल्लीनं महादेवाचं अनुष्ठान धरलं होतं. महिनाभर सगळ्यांनी सोवळ्यानं राहायचं, सोमवारी अभिषेक करायचा, आणि त्याचं सगळं अप्पांकडं. अभिषेकाचं पाणीही त्यांच्याच आडाचं. सोमवारची तयारी ठरवायला रविवारी दुपारी गल्लीतली जाणती मंडळी अप्पांच्या ओसरीवर जमायची. मीही चातुर्मास म्हणून सारणात कांदा घालणार नव्हतो. इतका मी शुद्ध होतो.

सकाळी मी बाजारातून बटाटे आणि कणकेत मिसळायला मैदा घेऊन येत असताना गौराक्का अंगणात तांदूळ निवडत होती. तिनं विचारलं की आज पिशवी तुमच्या हातात कशी. मी म्हटलं, आज शैलाला सुट्टी, आज मी करतोय.

"काय बेत हाय, भाऊ?"

"पाय," मी म्हटलं.

गौराक्काचा हात सुपात थांबला. मला वाटलं, इंग्रजी शब्द आहे, बिचारीला कळला नसेल. म्हणून मी समजावून सांगितलं. आमची आई फार सुंदर करायची म्हटलं. लहानपणी आम्ही चौघं चुलीपाशी बसायचो, चौघांना चार पाय. कुणी आपला पाय दुसऱ्याला द्यायचं नाही. गरम गरम फोडून खायचो, बोटं चाटत. शैलाला दिवस आहेत, म्हणून मुद्दाम करतोय.

गौराक्कानं पदर तोंडाला लावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला ते आईवरच्या प्रेमाचं वाटलं आणि मीही गहिवरलो. त्या भरात म्हटलं, "अक्का, दोन पाय तुमच्याकडं पाठवतो. एक तुम्हाला, एक अप्पांना."

ती सूप तिथंच टाकून आत गेली.

आता कुणी म्हणेल, नांदेडात वाढलेल्या माणसाला पाये कशाला म्हणतात हे ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. रेल्वे स्टेशनाजवळच्या हॉटेलांवर बकऱ्याच्या पायांच्या रश्श्याच्या पाट्याच होत्या. पण आईच्या तोंडून ऐकलेला शब्द कानात एकदा बसला की त्याला दुसरा अर्थ असू शकतो हे डोक्यात येत नाही. माझ्या लेखी जगात पाय दोनच प्रकारचे होते. एक चालायचा आणि एक बटाट्याचा.

घरी येऊन मी बटाटे उकडले. त्यात घागरीत होतं नव्हतं ते पाणी गेलं. कणीक मळायला पाणी हवं म्हणून घागर घेऊन आडाशी गेलो, तर रहाटाला दोर नव्हता. अप्पा कठड्यावर बसले होते. दोर त्यांच्या मांडीवर वेटोळं घालून होता.

मी विचारलं, अप्पा, दोर तुटला का?

"न्हाई."

"मग?"

"आज निघणार न्हाई," अप्पा म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते, आडात बघत होते.

मला वाटलं, पाणी खोल गेलं असेल, उद्याच्या अभिषेकासाठी राखत असतील. मी परत आलो. माठाच्या तळाशी जे राहिलं होतं त्यात मी ती कणीक मळली. मळली म्हणण्यापेक्षा तिची समजूत काढली. पारी लाटताना ती लाटण्यालाच मागं ढकलत होती. तरी मी चार वाट्यांत चार पाय बसवले, सारण भरलं, झाकणं लावली, कडा दाबल्या. बाहेरून शैला अधूनमधून विचारत होती की काही मदत करू का, आणि मी म्हणत होतो, सोपं आहे.

वाळू तापवायला बसलो तर स्टोव्हमधलं रॉकेल बटाटे उकडण्यातच संपलं होतं. मग मला रस्त्याच्या कोपऱ्यावरची बेकरी आठवली. चारी वाट्या पातेल्यात ठेवल्या, वर शैलाचं एक जुनं लाल फडकं बांधलं आणि निघालो. अंगणातून जाताना ओसरीवर जमलेली मंडळी एकदम बोलायची थांबली. मी सगळ्यांना नमस्कार केला. कुणीच नमस्कार घेतला नाही. त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर, म्हादप्पा आजोबा, त्या लाल फडक्याकडं टक लावून बघत होते.

बेकरीवाले हमीदचाचा ओळखीचे होते. त्यांनी विचारलं, काय आणलंत साहेब? मी म्हटलं, पाय आहेत, तुमच्या भट्टीत अर्धा तास ठेवायचेत.

चाचांनी इकडं तिकडं बघितलं. मग माझा हात धरून मला आतल्या अंगाला घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पाये? आप लोगां में चलता क्या साहब?"

मी म्हटलं, आमच्या घरी तर नेहमी चालायचे. आई करायची.

चाचांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की काळजी करू नका, ही गोष्ट माझ्या पोटात राहील. मला त्यात पोटात ठेवण्यासारखं काय ते कळलं नाही, पण माणूस आपुलकीनं बोलतोय म्हणून मी मान हलवली. त्यांनी वाट्यांचं तोंड कणकेनं बंद केलेलं पाहिलं आणि खूश झाले. असंच दम देऊन करावं लागतं म्हणाले. फक्त अर्धा तास त्यांना पटेना. कच्चे राहतील म्हणाले. घरात बाई पोटुशी आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून मुद्दाम म्हणाले, "बाईसाहब को खिलाओ. बच्चे की हड्डी मजबूत होती."

बटाट्यात एवढा कस असतो हे मला नवीन होतं. आईचा अभिमान वाटला.

चाचा म्हणाले, तुम्ही जा, चहा पिऊन या, मी बघतो. मी चहा प्यालो, वर्तमानपत्र वाचलं, केस कापून घेतले. अर्ध्या तासाचं काम होतं, पण चाचा खाणाखुणा करून सांगत होते की अजून थांबा. ते मनापासून थांबवत होते. त्यांच्या हिशेबानं खूर कुठं एवढ्यात शिजणार?

मी न्हाव्याकडं बसलो होतो तेव्हा अप्पा बेकरीसमोर येऊन गेले, हे मला नंतर खुद्द चाचांनीच सांगितलं. बेकरीत अंडी असतात म्हणून अप्पा कधी त्या बाजूच्या कडेनं चालत नसत. त्या दिवशी रस्त्याच्या पलीकडं उभे राहून त्यांनी एवढंच विचारलं, "कुलकर्णी इकडं आले होते का?"

चाचांनी मैत्रीला जागून उत्तर दिलं. "पाये? नै अप्पा, अल्ला कसम, कुलकर्णीसाहब के पाये मैं देख्या भी नहीं."

अप्पांनी पायांचं नावही काढलं नव्हतं.

मी पातेलं घेऊन परत आलो तेव्हा अंगणाच्या दारात अप्पा उभे होते. मागं ओसरीवरची सगळी मंडळी उतरून उभी राहिली होती. गौराक्का तुळशीपाशी खाली मान घालून होती. आमच्या खोलीच्या दारात शैला चौकट धरून उभी होती, शेजारी आमची रिकामी घागर. तिचा चेहरा उतरला होता. कुणीतरी काहीतरी सांगितलं असावं, पण अर्धवट.

"आत येऊ नका," अप्पा म्हणाले. "उद्या सकाळी खोल्या मोकळ्या करा. बाईला त्रास नको म्हणून आजचा दिवस दिला."

मी गरम पातेलं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मी विचारलं, काय झालं अप्पा?

"श्रावणात पाय शिजवून आणले, आन् काय झालं म्हणता?"

"अहो, पण ते तुमच्यासाठीच..."

हे वाक्य मी सुरूच करायला नको होतं आणि मी ते पुरंही केलं नाही, पण व्हायचा तो परिणाम झाला. म्हादप्पा आजोबांनी कानांवर हात ठेवले. दुसरे एक जण म्हणाले, पाऊस का पडंना ते आता कळलं. तिसरे म्हणाले, महिना झाला हे बिऱ्हाड येऊन, तेव्हापासूनच आभाळ फाकलंय. बघता बघता अख्ख्या मराठवाड्याच्या दुष्काळाची जबाबदारी माझ्या पातेल्यावर आली. मी कलेक्टर कचेरीत टंचाई शाखेतच काम करत होतो. टंचाईची इतकी कारणं आम्ही वर कळवली होती, पण हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

तरीही मला कळलं नव्हतं! मी समजत होतो, श्रावणात मैदा चालत नसेल.

अप्पा शैलाकडं वळले. त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "पोरी, तू सांग. आत काय हाय ते तू बघितलंस?"

शैला खोटं बोलत नाही. हा तिचा गुण मला त्या दिवशी फार टोचला. "न्हाई अप्पा," ती म्हणाली. "यांनी मला आत येऊच दिलं न्हाई. काय घातलं ते विचारू नको म्हणले."

गर्दीतून एक उसासा गेला. शैला माझ्याकडं बघत होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि त्या नजरेत मला पहिल्यांदा दिसलं की हा माणूस नेमका कोण आहे याची तिलाही खात्री वाटत नव्हती. पोटातलं लेकरू, दोन खोल्या, आडाचं पाणी, आणि आता बायकोचा भरवसा, सगळं त्या लाल फडक्याखाली बांधलेलं होतं. उन्हात घाम येत होता आणि नुकत्याच कापलेल्या केसांमुळं मान चावत होती.

गौराक्का तिच्याजवळ गेली आणि कानडीत काहीतरी म्हणाली. शैलानं कानडीत विचारलं. गौराक्कानं आपल्याच पावलाकडं बोट केलं, मग बकरीसारखं हनुवटीखाली हात नेऊन दाढी दाखवली. शैलाचे डोळे मोठे झाले.

"अहो," ती मला म्हणाली, "कशाचे पाय केलेत तुम्ही?"

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. नांदेड स्टेशनाबाहेरच्या सगळ्या पाट्या एकदम डोळ्यांपुढून गेल्या. सकाळी गौराक्काला काय काय सांगितलं ते आठवलं. चार भावंडं. चार पाय. बोटं चाटत.

"बटाट्याचे," मी म्हटलं.

"बटाट्याला पाय असतेत?" म्हादप्पा आजोबांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. मी गार्डाची बायको, तिचा फ्रॉक, इंग्रजी भाषा असं सगळं सांगायला लागलो, आणि जसजसं सांगत गेलो तसतसं ते मलाच खोटं वाटायला लागलं.

शैला पायरी उतरून खाली आली. "अप्पा," ती म्हणाली, "तुमच्या समोर फोडून बघू. हाड निघालं तर उद्यापर्यंत कशाला, मी आजच्या गाडीनं निलंग्याला जाते. यांना इथंच ठेवा."

अप्पांनी मान हलवली. मी पातेलं अंगणात आडाशेजारी ठेवलं, फडकं सोडलं. वाटी पालथी घालून पाय बाहेर काढला. चांगला तांबूस काळपट झाला होता. आता फक्त वरची पारी फोडायची होती.

ती फुटेना.

अंगठ्यानं दाबली, दोन्ही हातांनी दाबली. चमच्यानं टोचली, चमचा वाकला. माठाच्या तळाच्या पाण्यात मळलेली कणीक आणि त्यावर चाचांची माया, यातून जे तयार झालं होतं त्याला सार्वजनिक बांधकाम खात्यानं मान्यता दिली असती. लोक पुढं सरकले. मी पाय उचलून आडाच्या दगडी कठड्यावर आपटला.

ठक्क असा आवाज आला.

"हाड हाय," म्हादप्पा आजोबा म्हणाले.

मी पुन्हा आपटला. पुन्हा तोच आवाज, स्वच्छ, पोकळ, हाडाचा. कठड्याचा एक टवका उडाला. अप्पांनी डोळे मिटले आणि लिंगावर हात ठेवला. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. आयुष्यात निर्दोष असल्याचा इतका ठोस पुरावा माझ्या हातात कधी नव्हता, आणि तो उघडत नव्हता.

शेवटी शैला घरात गेली आणि खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन आली. तिनं मला बाजूला व्हायला सांगितलं. सातव्या महिन्याची बाई, पदर खोचून खाली बसली, आणि महिनाभर ऐकलेल्या सगळ्या पायांचा राग काढावा तसा एक घाव घातला.

पायाचे दोन तुकडे झाले. आतून वाफ आली, काळ्या मसाल्याचा वास आला, आणि बटाट्याचा पिवळाधमक गोळा गडगडत अप्पांच्या पावलापाशी जाऊन थांबला.

अप्पांनी डोळे उघडले, वाकून बघितलं. हातातल्या काठीच्या टोकानं सारण पसरलं. दाण्याचं कूट, कोथिंबीर, मोहरी. दुसरा पाय फोडला, तिसरा फोडला, चौथा फोडला. चारीत तेच निघालं.

"बटाटा हाय," अप्पा म्हणाले.

"बटाटाच आहे, अप्पा."

त्यांनी परत एकदा नीट बघितलं. "मग पाय कुठंय?"

"हाच पाय," मी म्हटलं.

अप्पांनी काठीनं एक ठिकरी उलटी केली. मग म्हणाले, "बटाट्यानं तुमचं काय केलं होतं, कुलकर्णी?"

आधी गौराक्का हसली. पदर तोंडात कोंबून हसली, तरी ते मावेना. मग शैला हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि गौराक्कानं तिला जवळ घेतलं. म्हादप्पा आजोबांना शेवटपर्यंत शंका होती. ते एक तुकडा उचलून उन्हात धरून बघत होते. अप्पांनी खांद्यावर टाकलेला दोर काढला, स्वतः रहाटाला ओवला, पोहरा सोडला आणि आमची घागर भरून शैलाच्या दारात नेऊन ठेवली. क्षमा वगैरे मागितली नाही. त्या काळी एक घागर पाणी क्षमेपेक्षा मोठं होतं. संध्याकाळी गौराक्कानं ज्वारीची भाकरी आणि झुणका पाठवला, कारण आमच्या घरी खाण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. पायाच्या ठिकऱ्या मी गल्लीतल्या गाईपुढं टाकल्या. तिनं हुंगल्या आणि ती निघून गेली.

आम्ही त्या खोल्यांत पुढं पुष्कळ वर्षं राहिलो. मुलगी तिथंच झाली, रांगायला गौराक्काच्या ओसरीवर शिकली. पण त्या रविवारनंतर गल्लीत माझं कुलकर्णी हे नाव कुणी घेतलं नाही. आम्ही पायवाले झालो. दूधवाला पायवाल्यांकडं दूध घालायचा, टँकर आला की पायवाल्यांना हाक मारा म्हणायचे. पुढं लोक बदलले, नव्यांना कारण ठाऊक नव्हतं, नाव तेवढं राहिलं.

मी निवृत्त झालो त्या सुमारास एक दिवस चाकूरहून एक गृहस्थ आपल्या म्हाताऱ्या आईला रिक्षात घालून पत्ता शोधत आमच्याकडं आले. मी दार उघडलं. त्यांनी हात जोडून विचारलं, पायवाले आपणच ना? मी सवयीनं हो म्हटलं. मला काही कळायच्या आत आजीबाई ओट्यावर बसल्या, लुगडं जरा वर घेतलं आणि सुजलेला गुडघा माझ्यापुढं लांब केला. लई लांबून आलो डाक्टर, म्हणाल्या, तुमचं लई नाव ऐकलंय.

सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायची मला हिंमत झाली नाही. मी खाली बसलो, गंभीर चेहरा करून गुडघा चारी बाजूंनी हळूहळू दाबला. आजी म्हणाल्या, बरं वाटलं. दारात उभी असलेली शैला म्हणाली, तुमच्या हातानं काहीतरी मऊ झालेलं आज पहिल्यांदा बघितलं.